मुद्दाम चुकणारे सर

पहिल्याच दिवशी सरांनी वर्गात येऊन जाहीर केलं की आज मंगळवार. होता गुरुवार. आम्ही विमान शिकायला आलेले नवे कोरे विद्यार्थी, बाकांवर ताठ बसलेले, कुणी हूं की चूं केलं नाही. मग सरांनी फळ्यावर विमानाचं चित्र काढलं, छानच काढलं, आणि पंखाकडे बाण दाखवून लिहिलं 'शेपूट'. अहो, तरी सगळे माना खाली घालून उतरवून घेतायत! माझ्या शेजारचा मुलगा तर पट्टी लावून बाण काढत होता. मला राहवेना. मी उभी राहिले आणि एका दमात सांगून टाकलं की सर, आज गुरुवार आहे, तो पंख आहे, आणि तुमच्या शर्टाची बटणं एक काज चुकवून लागलेली आहेत.

सरांनी खडू खाली ठेवला. खिशातून श्रीखंडाची गोळी काढली, चालत माझ्या बाकापाशी आले आणि देवापुढे नैवेद्य ठेवावा तशी ती माझ्यासमोर ठेवली. मग बाकीच्यांकडे वळून शांतपणे म्हणाले, "आपण सगळे मेलेले आहात. ह्या बाई तेवढ्या जिवंत आहेत."

तासानंतर त्यांनी मला विचारलं की इथं यायच्या आधी तुम्ही काय करत होतात. मी म्हटलं, हिंजवडीत टेस्टिंगमध्ये होते. म्हणजे काय करायचं? म्हटलं, दुसऱ्यानं केलेल्या कामातल्या चुका शोधून त्याच्या तोंडावर सांगायच्या. सरांचा चेहरा असा काही उजळला, की लग्नासाठी मुलगा बघायला गेल्यावरसुद्धा माझ्याकडे बघून कुणाचा उजळला नव्हता. "आणि ह्याचा पगार मिळतो?" त्यांनी विचारलं. मिळतो म्हटलं. तेव्हापासून मी 'टेस्टिंगबाई' झाले ती आजतागायत.

तर अशी आमच्या सरांची तऱ्हा. दिवसभर चुकायचे, आणि मुद्दाम चुकायचे. उजव्या पायात डावी चप्पल. चहात मीठ. हजेरी घेताना माझ्या नावापुढे 'उपस्थित' ऐकूनही गैरहजर मांडणार. लोणी काळभोरच्या पुढे आमची धावपट्टी होती, तिथं जायला सोलापूर रस्ता. तर सर हडपसरच्या पुलाखाली आम्हाला भेटून सांगणार, चला माझ्या मागोमाग, आणि स्कूटर वळवणार ती सासवडच्या दिशेला. ज्यानं टोकलं त्याला गोळी. जो मुकाट्यानं मागोमाग गेला त्यानं संध्याकाळी विमान पुसायचं. सुरुवातीच्या दिवसांत आमची विमानं आरशासारखी लखलखत होती.

बाहेरचे लोक म्हणायचे, म्हातारा चळलाय. पण त्यामागे पक्का हिशेब होता. छोट्या विमानात शिकवणारा आणि शिकणारा शेजारी-शेजारी बसतात आणि दोघांपुढे सारखेच कंट्रोल असतात. शिकवणाऱ्याच्या हातून चूक झाली, तर ती बघायला जगात एकच माणूस हजर असतो, शिकणारा. आणि तो नेमका भिडस्त निघाला तर? सर म्हणायचे, भीड भिकेची बहीण असं आपले पूर्वज म्हणून गेले कारण त्यांच्याकडे विमानं नव्हती. विमानात ती थेट यमाची बहीण.

पुण्याबद्दल त्यांचं फार वाईट मत होतं. म्हणजे बाहेरच्यांना वाटतं तसं नाही, उलट. ते म्हणायचे, अहो, ह्या गावात माणूस रिक्षावाल्याला टोकतो, दुकानदाराला टोकतो, लग्नात जेवायला बसल्यावर वाढप्याला मीठ कमी पडलंय म्हणून ऐकवतो, दारावर पाट्या लावून अनोळखी माणसाचा अपमान करतो. इतका उत्तम कच्चा माल! आणि हाच माणूस समोर 'सर' आले की शेळी होतो. त्यांचं सगळं शिक्षण एवढंच होतं, की रिक्षावाल्यासाठी राखून ठेवलेला आवाज सरांसाठी काढायचा.

त्यांनी ही विद्या कुठं मिळवली, तीही गोष्ट ते सांगायचे. तरुणपणी ते एका ज्येष्ठ वैमानिकाशेजारी बसले होते, ते गृहस्थ उतरताना काहीतरी विसरले, आमच्या सरांना ते दिसत होतं, आणि ते मूग गिळून बसले. विमान शेतात जाऊन आपटलं. दोघं चालत बाहेर आले ते केवळ नशीब. ही गोष्ट ऐकताना अंगावर काटा यायचा. फक्त एवढंच, की कधी ते शेत नागपूरजवळ असायचं आणि कधी बेळगावजवळ, आणि "सर, गेल्या वेळी तर नागपूर होतं," असं म्हणणाऱ्याला पुन्हा गोळी.

काकूंचं, म्हणजे सरांच्या बायकोचं, एकच गाऱ्हाणं होतं. आम्ही एकदा त्यांच्या सिंहगड रस्त्यावरच्या घरी जेवायला गेलो तेव्हा सरांनी वरणात ताक ओतलं. काकूंनी वर न बघता त्यांच्यापुढची वाटी बदलली आणि आम्हाला म्हणाल्या, की संसारात ह्यांच्या इतक्या चुका काढल्या, मला आजवर एक गोळी नाही. सर म्हणाले, तुला शिकवावं लागलं नाही, उपजत आहे.

आता हे सगळं जमिनीवरचं. वर गेल्यावर? वर तर काय विचारता! माझं पहिलं उड्डाण मला अजून अंगात जाणवतं. उसाची शेतं मागे पळायला लागली, खडखड खडखड, आणि एकदम खडखड थांबली. बस्, तेवढंच. आपण हवेत! माझ्या तोंडून किंकाळी निघाली, आणि सरांनी कानावरचा हेडफोन सारखा करत विचारलं की ही नेमकी कुठल्या बिघाडाची सूचना होती. भरपूर उंचीवर गेल्यावर लांब खडकवासल्याचं पाणी चमकताना दिसलं, आणि सर म्हणाले, ते बघा उजनी. मी म्हटलं, खडकवासला. गोळी. मग त्यांनी दिशा चुकीची सांगितली. गोळी. मग एकाएकी मान टाकून, डोळे मिटून, घोरायला लागले. मी घाबरून हाका मारतेय, सर, सर! त्यांनी एक डोळा उघडला आणि म्हणाले, मेलेल्या माणसाला हाका मारून काय उपयोग, विमान घ्या की हातात.

घ्यायचं कसं, त्याचाही त्यांनी शब्द ठरवून दिला होता. "सोडा." नुसतं "सोडा." माफ करा नाही, जरा नाही, प्लीज नाही. ज्याला ऐकू आलं त्यानं हात उचलायचे, मग तो सर असो नाहीतर सरांचा बाप. कारण विचारायचं नाही. कारण खाली उतरून, चहाबरोबर.

आणि एक नियम होता, तो नीट ऐकून ठेवा. धावपट्टीकडे नाक वळलं की नाटक बंद. वर, हाताशी उंची असताना, सर वाट्टेल ते सोंग आणायचे. पण उतरायला शेवटचं वळण घेतलं की तिथून चाकं थांबेपर्यंत ते एकही चूक मुद्दाम करायचे नाहीत. "जमिनीजवळ मी सज्जन माणूस असतो," असं ते म्हणायचे. तिथं सरांची चूक दिसली तर ती खरी, हे आम्ही पाढ्यांसारखं पाठ केलं होतं. पण तिथं त्यांची चूक कुणी पाहिलेली नव्हती.

माझ्या एकटीच्या पहिल्या उड्डाणाच्या दिवशी त्यांनी धावपट्टीच्या तोंडाशी विमान थांबवायला लावलं, मला खाली जरा काम आहे म्हणाले, आणि चक्क दार उघडून उतरून गेले! शेजारची खुर्ची रिकामी. पट्टा नुसता लोंबतोय. अशी भीती, आणि त्याच वेळी इतका आनंद, की दोन्ही एका विमानात मावेनात. सरांचं वजन कमी झालेलं ते विमान जे सुटलं ते पतंगासारखं वर! मी मोठमोठ्यानं बोलत होते, स्वतःलाच टोकत होते, टेस्टिंगबाई वेग बघा, टेस्टिंगबाई उंची बघा. उतरले तेव्हा सगळे बादली घेऊन उभे. पहिल्यांदा एकटं उडून आलेल्याच्या डोक्यावर पाणी ओतायची पद्धत असते. बादली सरांच्या हातात. त्यांनी ती उचलली आणि गंभीरपणे स्वतःच्या डोक्यावर ओतली. निथळत उभे राहिले आणि बघायला लागले, कोण बोलतंय.

माझ्या शेजारी पट्टी लावून बाण काढणारा तो मुलगा म्हणजे मंगेश. यवतमाळकडचा. गावातला पहिलाच विमान शिकायला आलेला, त्यामुळे गावाचं ओझं डोक्यावर घेऊनच आलेला. हुशार तर इतका, की हवामानाचा पेपर आम्ही सगळे त्याच्याकडून समजून घ्यायचो. हात हलका, उडवायचा सुंदर. पण टोकणं? नाव नको. सरांनी चहात मीठ घातलं तर हा स्वतःच्याही चहात मीठ घालून प्यायचा, सरांना एकटं वाटू नये म्हणून! मी त्याला म्हटलं, अरे, गोळ्या मिळतात, बोल की. तर म्हणाला, "बाप्पा! आमच्याकडं मास्तरले तुमी चुकले म्हटलं त बाप घरात घेत नाही."

सर त्याच्यामागे हात धुऊन लागले होते. बाकी आम्ही चुकांना सरावलो, मंगेशसाठी मात्र खास चुका तयार व्हायच्या. हेल्मेट उलटं. छत्री बंद करून पावसात. एकदा तर सर त्याच्या बाकावर त्याच्या शेजारी जाऊन बसले आणि फळ्याकडे बघून वाट पाहायला लागले, की आता शिकवतं कोण. मंगेश उठला आणि फळा पुसून ठेवला. वर हवेत सोंग आणलं की तो कंट्रोल हातात घ्यायचा, पण "सोडा" म्हणायचा नाही. हळूच, चोरून, सरांना कळणार नाही असं विमान सरळ करायचा. सर डोक्याला हात लावायचे.

आणि एक दिवस चमत्कार झाला. कँटीनमध्ये सर चष्मा उलटा घालून वर्तमानपत्र वाचत बसले होते. मंगेश पोह्यांची बशी घेऊन त्यांच्यासमोर उभा राहिला, घामाघूम झाला आणि खालच्या आवाजात म्हणाला की सर, माफी असावी, लहान तोंडी मोठा घास, पण चष्मा आपला उलटा हाय वाटते. अहो, सरांनी वर्तमानपत्र उडवलं! उठून नाचले. ह्या वयाच्या माणसानं नाचू नये तसे नाचले. सगळ्या कँटीनला उभं करून सांगितलं, मंगेश बोलला, मंगेश बोलला. गोळी दिली ती दोन्ही हातांनी. मंगेश लाजून लाल.

त्यानंतर सरांनीच ठरवलं, की ह्याला आता दुसऱ्याच्या हाताखालीही उडवू द्या. आमच्याकडे आणखी एक शिकवणारे होते, त्यांना आम्ही कॅप्टन म्हणायचो. उत्तम वैमानिक, कडक शिस्त, माणूस सोन्यासारखा, पण समोर उभं राहिलं की धाबं दणाणायचं. सर म्हणाले, तिथं बोललात की तुम्ही पास.

त्या सकाळी मी आणि सर कँटीनच्या बाहेर बसलो होतो. मंगेश आणि कॅप्टन वर होते. नेहमीचं उड्डाण, धावपट्टीभोवती फेऱ्या मारायच्या, उतरायचं, पुन्हा उडायचं. आवाज इतका सवयीचा झालेला असतो की तो ऐकूच येत नाही. ऐकू आलं ते आवाज बंद झाल्याचं. सर माझ्याआधी उठले. पळत सुटले, हातात पोह्याचा चमचा तसाच. मी मागोमाग. उसातून, पाटातून, चप्पल कुठं राहिली कुणास ठाऊक. गावातले लोक आधीच पोचले होते. शेताचा मालक आम्हाला आडवा आला आणि सरांचे दोन्ही दंड धरून म्हणाला, "पुढं नका जाऊ सायेब. दोगंबी गेल्यात."

त्यानं जे पाहिलं ते त्यानं हातवारे करून सांगितलं. विमान धावपट्टीकडे वळत होतं, खालूनच चाललं होतं, नाक वर होतं आणि हळू, फार हळू होतं. मग एक पंख खाली गेला. झालं. एवढं ऐकून सरांना सगळं कळलं, मलाही कळलं. वळताना वेग पडला होता. दोघांपैकी एकानं "वेग" एवढं म्हटलं असतं आणि नाक खाली केलं असतं, तर दोघंही चहाला आले असते.

विमान त्या वेळी कुणाच्या हातात होतं, काय बिघडलं होतं का, कुणाला माहीत नाही. चौकशी झाली, मोजमापं झाली. पण त्या छोट्या विमानात आतलं बोलणं टिपणारं यंत्र नसतं. तेव्हा मंगेश बोलला की नाही, हे जगात कुणालाच कधी कळणार नव्हतं. आणि सरांना जगातलं तेवढंच एक जाणून घ्यायचं होतं.

मंगेशची आई त्याची खोली आवरायला आली, तेव्हा मी सोबत होते. शर्टांच्या घड्या घालता घालता तिला टेबलाच्या खणात ती गोळी सापडली, कागदासकट. हे काय होय, तिनं विचारलं. मी सांगितलं, बक्षीस आहे, सरांनी दिलेलं. "मंग खाल्ली काऊन नाही त्यानं?" मी रडायलाच लागले. तिनंच मला जवळ घेतलं, आणि गोळी पदराच्या टोकाला गाठ मारून बांधून नेली.

उड्डाणं पुन्हा सुरू झाली त्या दिवशी सर आले ते सगळी बटणं बरोबर लावून. वार बरोबर सांगितला. चहात साखर घातली. आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. दुसऱ्या दिवशीही तेच. चपला बरोबर, चष्मा बरोबर, हजेरी बरोबर. मला तर त्या बरोबर माणसाची भीती वाटायला लागली. काकूंचा मला फोन आला, की अगं, हे घरात एकसुद्धा चूक करत नाहीत, मी काय करू?

आणि ते प्रत्येकाला एकच विचारायचे. मेकॅनिकला, कँटीनमधल्या मावशींना, नव्या मुलांना. मंगेश बोलला असेल का हो? सगळे सांगायचे, हो सर, नक्की बोलला असेल, तुमचाच विद्यार्थी तो. सर मान डोलवायचे आणि पुढच्याला जाऊन विचारायचे. त्यांना कळत होतं, सगळे भिडेनं बोलतायत. मला मात्र त्यांनी कधी विचारलं नाही. माझ्याजवळ यायचे, थांबायचे, आणि आज वारा पश्चिमेचा आहे असं काहीतरी बोलून निघून जायचे. असायचाही पश्चिमेचाच.

आता त्या दिवसाचं सांगते. मी सरांबरोबर वर होते. अपघातानंतर माझी उतरताना गडबड व्हायला लागली होती, ते शेत नेमकं वाटेत यायचं. सर म्हणाले, आज मी उतरवून दाखवतो, तुम्ही नुसतं बघा. मी मांडीवर हात ठेवून बसले. सरांनी विमान शेवटच्या वळणात घातलं. अगदी बेताचं, सुरेख. आणि वळता वळता त्यांची मान बाहेर वळली. खाली ऊस होता. एका ठिकाणी तो अजून वाढला नव्हता.

मी त्यांच्याकडे बघितलं, मग काट्याकडे. वेग कमी होत होता. म्हटलं, परत सुरू केलं वाटतं सरांनी! खरं सांगते, क्षणभर आनंदच झाला. आणि पुढच्याच क्षणी अंगातून वीज गेली. नाक धावपट्टीकडे वळलं होतं. नाटक बंद होतं!

"सर, वेग," मी म्हटलं.

सर बाहेर बघत होते. काटा आणखी खाली आला. वेग पडत चालला की विमानात एक भोंगा वाजतो, तो बारीक कुईं करायला लागला. शेजारी कोण बसलंय माहीत आहे ना? ज्यांनी मला उडायला शिकवलं ते. त्यांच्या हातातून ओढून घ्यायचं? माझ्यासारखी तोंडाळ बाई, हिंजवडीत मॅनेजरला रडवलेली, आणि जीभ टाळ्याला चिकटली! मंगेशला काय वाटलं असेल ते मला तेव्हा कळलं.

"सोडा."

सरांचे हात तत्क्षणी वर गेले. बघितलंसुद्धा नाही माझ्याकडे, नुसते हात वर. मी नाक खाली दाबलं. जमीन इतकी जवळ असताना नाक खाली करायला जिवावर येतं हो, सगळं शरीर म्हणतं वर ओढ. दाबलं. इंजिनाला पूर्ण जोर दिला. भोंगा थांबला, पंख सरळ झाले, उसाचे तुरे पोटाला लागतायत की काय असं वाटलं आणि आम्ही सुटलो वर! एक पूर्ण फेरी मारली आणि मी उतरवलं. आयुष्यात इतकं चांगलं मी पुन्हा कधी उतरवलं नाही.

इंजिन बंद केलं. आम्ही चालत कँटीनपर्यंत आलो, तर तिथं जत्रा! सगळ्यांनी खालून पाहिलं होतं. उतरता उतरता विमान डगमगलं, मग एकदम वर गेलं, म्हणजे टेस्टिंगबाईंनी सरांना पकडलं. सरांनी परत सुरू केलं! जमिनीजवळचा तो नियम त्या आनंदात कुणालाच आठवला नाही. टाळ्या, शिट्ट्या, मावशी डोळे पुसतायत, कुणीतरी काकूंना फोनसुद्धा लावला. इतक्या दिवसांनी त्या जागेत हसू आलं होतं. आणि सर हसले. खिशात हात घातला, श्रीखंडाची गोळी काढली आणि माझ्यासमोर धरली.

घ्यायची की नाही? घेतली असती तर सगळं पहिल्यासारखं. सगळे खूश, सर खूश. आणि उद्या सकाळी सर एखाद्या नव्या पोराला घेऊन वर गेले असते, त्या वळणावर त्यांची मान पुन्हा बाहेर वळली असती, आणि ते पोर माफी असावी म्हणत बसलं असतं. मी हात मागे घेतला.

"सर, ते नाटक नव्हतं."

टाळ्या थांबल्या. सरांनी गोळी तशीच धरून ठेवली होती. मग त्यांनी वर्गातल्या आवाजात विचारलं, "पुढे? अर्धवट टोकू नका."

"तुम्ही आता उडवू नका, सर."

कुणीतरी मला चिमटा काढला. एक मुलगा म्हणाला, जरा बोलायची रीत असते. सर खुर्चीत बसले. गोळी टेबलावर ठेवली. मग "बरोबर," एवढंच म्हणाले. आणि मान वर करून, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, त्यांनी मला विचारलं.

"मंगेश बोलला असेल का हो?"

सगळे माझ्याकडे बघत होते. हो म्हण, हो म्हण, असं प्रत्येकाच्या डोळ्यांत स्वच्छ दिसत होतं. मलाही म्हणावंसं वाटत होतं, देवाशपथ वाटत होतं.

"माहीत नाही, सर," मी म्हटलं. "मी बोलले."

सरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. त्यांनी ते पुसलं नाही. खिसा उलटा केला, त्यातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या गोळ्या टेबलावर माझ्यापुढे सारल्या आणि उठून हात धुवायला गेले.

त्यानंतर सर विमानात कधी बसले नाहीत. जमिनीवरचे तास मात्र घेत राहिले. मी आता मोठ्या विमानात उजव्या, म्हणजे सहवैमानिकाच्या, खुर्चीत बसते, डावीकडच्या कॅप्टनना माझा स्वभाव ठाऊक झालाय, आणि त्यातल्या एकानं मला विचारलंही, की तुम्हाला इतकं फटकळ बोलायला शिकवलं कुणी.

तर कँटीनमधल्या त्या प्रसंगाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वर्गात बसलो होतो. दार उघडलं. सर आत आले. शर्ट आतला बाहेर, एका पायात बूट, एका पायात काकूंची चप्पल. ते फळ्यापाशी गेले, खडू समजून पेन उचललं आणि म्हणाले, आज रविवार.

वर्ग एकदम ओरडला. सगळेच्या सगळे, बाकांवर उभे राहून, एकमेकांच्या वरताण, सर शर्ट, सर चप्पल, सर पेन, सर वार! नव्या मुली, मागच्या बाकावरची मुकी पोरं, कालचा तो रीत शिकवणारासुद्धा. सर कानावर हात ठेवून उभे होते आणि हसत होते. त्या दिवशी गोळ्या पुरल्या नाहीत.